सातत्याची वही

कुठल्या टेकला बटण उघडं होतं, कुठल्या टेकला बंद,
सिगारेट किती जळलेली, टोपी कुठल्या हातात,
हे लिहून ठेवायचा मला पगार मिळे
सिमी व्हॅलीच्या रानात, एका खोट्या गावात,
जिथे बँकेला फक्त पुढची भिंत होती
आणि चर्चच्या पाठीमागे आमची जेवणाची टेबलं.

नऊ वर्षं. एकतीस वह्या.

दर गुरुवारी रात्री सगळा देश बघायचा
एक म्हातारा बाप आणि त्याचा थोरला मुलगा.
बाप थर्मन बील, पावडर लावून पिकवलेले कल्ले.
मुलगा डॅरल व्होट, त्याच्याहून चारच वर्षांनी धाकटा.
तिसऱ्या वर्षी सगळ्यांनी मिळून पगारासाठी अडून बसायचं ठरलं
आणि डॅरल आदल्या रात्री एकटाच सही करून आला.
त्यानंतर दोघांत विस्तव जात नव्हता.
'कट' म्हटलं की बापाची खुर्ची पूर्वेला, मुलाची पश्चिमेला,
मधे घोडे.
निरोप माझ्यामार्फत.
"त्याला सांग, माझं वाक्य संपायच्या आत उठू नकोस."
"त्याला सांग, वाक्य जरा लवकर संपव."
दोघेही माझ्याकडे बघून मान डोलवायचे.

वेंडेल क्वान आमचा स्वयंपाकी, म्हणजे पडद्यावरचा.
स्टॉकटनला जन्मलेला, शब्दकोडी शाईनं सोडवणारा.
त्याला मोडकं बोलायला लावत,
आणि त्याच्या चुकाही मला जशाच्या तशा राखाव्या लागत:
दुसऱ्या टेकला कुठलं क्रियापद गाळलं होतं.
"आयडा," तो एकदा कढईवर वाकून म्हणाला,
"एवढं अवघड व्याकरण माझ्या वडिलांनी
तीस वर्षं शाळेत शिकवूनही पाहिलं नसेल."
मी हसले. आता वही उघडली की हसू येत नाही.

खलनायक ओटिस क्रंब. चौदा वेळा मेला, चौदा निरनिराळ्या मिशांत.
मेलेल्या दिवशी सगळ्यांना आपल्या बागेतले पीच वाटायचा.

बील गेला तेव्हा मालिका बंद होऊन वीस वर्षं झाली होती.
चॅट्सवर्थला, उन्हात, डॅरल सगळ्यांच्या मागे उभा,
आत यावं की नाही, हे कुणीतरी सांगेल म्हणून थांबल्यासारखा.
मी सांगितलं नाही. निरोप द्यायला दुसरं टोक उरलं नव्हतं.

घरी येऊन वह्या काढल्या. का, ते माहीत नाही.
प्रत्येक भागाच्या शेवटी बाप मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचा.
डावा खांदा. डावा. डावा.
पानामागून पान, माझंच अक्षर, डावा.
मग आठवलं, दुसऱ्या वर्षी डॅरल घोड्यावरून पडला होता,
उजवा खांदा निखळलेला, थंडीत ठणकायचा,
विम्याच्या भीतीनं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.
दिग्दर्शक ओरडायचा, कॅमेऱ्याच्या बाजूचा खांदा धर!
बील तेवढ्यापुरता बहिरा व्हायचा.
सहा वर्षं एक शब्द नाही,
आणि एकदाही हात चुकला नाही.

डॅरलला फोन केला. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं."
मग बराच वेळ नुसता त्याच्या टीव्हीचा आवाज.

आता राहिली मेव्हिस टर्लो. दारूच्या गुत्त्याची मालकीण,
पडद्यावर बिनलग्नाची. म्हणून प्रत्येक शॉटआधी
ती आपली अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवायची.
मी ती हरवू नये म्हणून बोटात घालायचे.
नवरा सॅन डिएगोला, महिन्यातून एकदा यायचा.
सांता आनाचा वारा सुटला की शूटिंग थांबे,
धूळ, तंबूचे दोर, आम्ही दोघी तिच्या गाडीत काचा लावून,
ती संवाद पाठ करायची, मी चुका धरायचे,
आणि अंगठी परत मागायचं दोघींनाही सुचत नसे.

याबद्दल वहीत कुठेच काही नाही.
म्हणजे, एवढंच आहे, दीडशेहून जास्त वेळा,
वेळ आणि टेकच्या आकड्याशेजारी, पेन्सिलीनं:
अंगठी माझ्याकडे.